सदक्याची घार

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. मला सून नाही आणि देवाशी फारसं सख्य नाही, म्हणून मी पक्ष्यांच्या मागे लागले. माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात नकाशे काढण्यात गेली. बांध कुठं, विहीर कुठं, दोन भावांच्या मधली रेघ कुठं, एवढं शाईनं दाखवायचं आणि भांडणं ज्याची त्याला मिटवू द्यायची. ते काम मला मानवलं होतं. कॅमेराही तसाच मानवला. पहिल्या वर्षी मात्र मी बरेचसे फोटो रिकाम्या फांद्यांचे काढले, पक्षी उडून गेल्यानंतरचे.

लोक फोटो काढायला गाड्या करून जायकवाडीला जातात. मी मागचं दार उघडत असे. अंगणात एक कडुनिंब, एक शेवगा, धुण्याचा दगड आणि सिमेंटचा हौद. हौदाजवळ परातीत पाणी ठेवलं की बुलबुल येत, आणि बुलबुल आले की शिक्रा येई. भिंतीच्या कडेनं मुंगूस जाई, आपलंच अंगण असल्यासारखं. एकदा शेवग्यावर बसून शिक्रा चिमणीची पिसं उपटत होता, त्याचा फार सुंदर फोटो मिळाला. पुंडलिकनगरहून बहीण डबा घेऊन आली होती, तिला दाखवला. तिनं हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, "तुला काही फुलांबिलांचं सुचत नाही का गं?" फुलं कुणाला खात नाहीत हे खरं, पण ती कंटाळवाणी असतात.

घार मात्र हाती लागत नव्हती. आमच्याकडं घारी भरपूर, पण सगळ्या उंच. फोटोत नुसता काळा ठिपका आणि शेपटीची खाच. आणि मग एका गुरुवारी सकाळी त्या अचानक कडुनिंबाच्या शेंड्याएवढ्या खाली उतरल्या. पंखांवरची तपकिरी पट्टी, वाकडी चोच, पिवळे पाय, सगळं दिसत होतं. मी अधाशासारखे फोटो काढले. भानावर आल्यावर बघितलं, तर मागच्या भिंतीपलीकडच्या गच्चीवर आपा उभ्या होत्या, हातात स्टीलची ताटली.

आपा वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळी गल्ली आपा म्हणते म्हणून मीही म्हणते. माहेर पिशोरचं, खेड्यातलं, त्यामुळं त्यांची मराठी माझ्यापेक्षा अस्सल. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आणि बाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, "अल्लानं दिलेल्या डोळ्याला चाकू? नाय बाई, मला जेवढं दिसतं तेवढं लई झालं."

"भाभी," त्या दिवशी त्यांनी गच्चीवरून हाक मारली, "तुमच्या त्या दुर्बिनीतून बघा बरं. घारीनं घेतलं का?"

"काय घेतलं?"

मग कळलं. त्यांच्या मालकांच्या, म्हणजे आमच्या भाईसाबांच्या, हृदयाच्या नळ्या चोंदल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती. आपा सकाळी कलेजीचे तुकडे भाईसाबांवरून ओवाळायच्या आणि गच्चीवरून घारींसाठी उडवायच्या. त्याला त्या सदका म्हणत. घारीनं तुकडा अधांतरी झेलला की बला तिच्याबरोबर गेली. खाली पडला, मांजरानं किंवा कावळ्यानं नेला, तर बला घरातच राहिली. आणि घारीनं झेलला की नाही, हेच नेमकं त्यांना दिसत नव्हतं.

"घेतलं," मी म्हणाले. "मधल्यामधे. आणि उडता उडताच खाल्लं."

"खरं?"

मी भिंतीशी गेले आणि कॅमेऱ्यावरचा फोटो मोठा करून वर धरला. त्या जिना उतरून आल्या, कॅमेऱ्याचा स्क्रीन नाकाला लावून पाहिला, आणि मला वाटतं त्यांना फारसं काही दिसलं नसावं. पण त्यांनी माझ्या हाताला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला. मला ते अवघड झालं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि इथं मी कलेजीची साक्षीदार.

तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. त्या ताटली घेऊन वर, मी कॅमेरा घेऊन खाली. त्या विचारत, मी सांगत असे. घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. एकदा तुकडा पत्र्यावर पडला आणि मांजर घेऊन पळालं, तेही मी जसंच्या तसं सांगितलं. आपा दिवसभर जेवल्या नाहीत, असं नंतर भाईसाबांकडून कळलं. मला वाईट वाटलं, पण मांजर ते मांजर. बाकी घारींचे फोटो अप्रतिम निघत होते, आणि दुसऱ्याच्या घरातलं आजारपण आपल्याला असं फळतं आहे याची मला थोडी लाज वाटायची. ती फार वेळ टिकायची नाही.

एकदा भिंतीशी उभं राहून आपांनी विचारलं, "भाभी, तुम्ही तुमच्या मालकांसाठी काय केलं होतं?"

माझे मालक आधीच गेले होते, त्यांचंही हृदयच. मी म्हणाले, "सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलीत लावले होते."

"बस?"

"बस."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्या खरंच पुढचं ऐकायला थांबल्या होत्या. मी घरात आले आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाईपर्यंत ओट्याशी उभी राहिले.

ऑपरेशनची तारीख पावसाळ्यात आली. इथंच घोडं अडलं. पावसाळ्यात आमच्याकडच्या घारी कमी होतात. कुठं जातात मला ठाऊक नाही. एखाददुसरी दिसते, तीही वरून निघून जाते. आपांनी मात्र ठरवून टाकलं होतं, जायच्या दिवशी सदका घारीनं घेतला तरच माणूस चाकूखाली द्यायचा. पहिल्या तारखेला घार आलीच नाही. आपांनी दवाखान्याची पिशवी रिकामी केली आणि कपडे परत कपाटात ठेवले. दुसऱ्या तारखेला एक आली, घिरटी घातली, गेली. तुकडा कावळ्यांनी वाटून खाल्ला. आपांनी विचारलं, मी सांगितलं. पिशवी पुन्हा रिकामी झाली. आता डॉक्टर चिडले होते. पुढची तारीख चुकवली तर माझ्याकडं येऊ नका, म्हणाले होते.

त्या संध्याकाळी भाईसाब भिंतीशी आले. दहा पावलं चालून धाप लागलेली, तरी तोंडावर मिश्किल हसू.

"भाभी, लिया करके बोल देव ना एक बार. तुम्हारा क्या जाता?"

"खोटं बोलू?"

"मौलाना बोलते, गोश्त गरीब को देव, चील को नक्को. ये सुनती किसकी? तुम्हारी. तुम बोले तो पत्थर की लकीर."

"म्हणूनच नाही बोलणार," मी म्हणाले. "उद्या टेबलावर तुमचं काही झालं, तर मी तिला काय तोंड दाखवू?"

त्यांनी भिंतीला टेकून दम घेतला. "और नहीं गया तो?"

खोटं बोलले तर बाई माझ्या शब्दावर नवरा चाकूखाली देणार, खरं बोलले तर माझ्या शब्दावरच तो घरात मरणार. आयुष्यभर मी दोघांच्या मधली रेघ काढून बाजूला झाले होते. इथं बाजूला व्हायला जागाच नव्हती. रात्री मला चक्क राग आला, आपांचा, घारींचा, आणि त्या माणसाच्या हसण्याचा.

तिसऱ्या तारखेला आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. आपांच्या पुढच्या दारी रिक्षा उभी होती आणि भाईसाब तिच्यात बसून होते. ते मधूनमधून हॉर्न वाजवायला लावत होते. आपा गच्चीवर, मी अंगणात. वर नुसतं राखाडी. बराच वेळ काही नाही. मग कडुनिंबाच्या मागून एक घार आली. यंदाचंच पिल्लू होतं, अंगभर फिके ठिपके, उडण्यात अजून सफाई नाही.

"आली," मी ओरडले. "फेका!"

आपांनी फेकलं. पण त्यांच्या हातात जोर उरला नव्हता. तुकडा वर जायच्या ऐवजी पुढं आला, भिंतीवर आपटला आणि माझ्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी पडला. घार अर्ध्यापर्यंत उतरली होती, ती वळली.

"भाभी? घेतलं का?"

आपांच्या हातात ताटली उलटी लोंबत होती, दुसरा तुकडा नव्हता. मांजर हौदामागून निघालं होतं. मी त्याला पायानं हाकललं, कॅमेरा गळ्यातून काढून पायरीवर ठेवला आणि तो तुकडा उचलला. गार, बुळबुळीत, थोडा जड. हौदाच्या कठड्यावर कशी चढले ते आठवत नाही, गुडघ्यांनी नंतर आठवण करून दिली. फेकताना काहीतरी म्हणायचं असतं हे मला माहीत होतं, काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. घार परत डोक्यावर आली तेव्हा मी होता तेवढा जोर लावून तुकडा उडवला आणि मोठ्यानं म्हणाले, "ने गं बाई, सगळं ने!"

तिनं पाय पुढं केले, पहिल्यांदा चुकली, कलंडली आणि तुकडा खाली येता येता धरला. मग जड पंख मारत कडुनिंबावरून निघून गेली.

"भाभी! काय झालं? मला दिसंना!"

"घेतलं," मी म्हणाले. "अधांतरी. घारीनंच."

"कोनी फेकलं?"

"मी."

आपा गच्चीच्या कठड्याला धरून खाली बघत होत्या. त्यांना माझ्या जागी फार तर एक पांढुरका डाग दिसत असेल.

"आन फोटू?"

"नाही काढला. हात रिकामा नव्हता."

आपा ताटली तिथंच ठेवून, भिंत चाचपत जिना उतरल्या. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग कोपऱ्यावर वळल्याचा. भाईसाब बरे होऊन घरी आले आणि पुढं कितीतरी वर्षं दुकानात बसले, पण ते मला त्या वेळी कुठं माहीत होतं. मी हात धुवायला हौदाशी गेले आणि साबण हातात तसाच धरून दगडावर बसून रडले. भाईसाबांसाठी रडले, हे खरं आहे. पण सगळंच काही त्यांच्यासाठी नव्हतं.