बाकी वाक्य बरोबर

"हात पसरा," सर म्हणाले. "दोन्ही. मान जरा खाली."

मी पसरले. चौथीचा अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता.

साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मी मास्तरीण व्हायला शिकत होते. मराठी कसं शिकवायचं ते सर दाखवत. शब्दाचा अर्थ नुसता सांगायचा नाही, मुलांना तो डोळ्यांनी दिसला पाहिजे, मग त्यांच्याकडून वाक्यात उपयोग करून घ्यायचा, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी कॉलेजच्या सरावशाळेत, चौथीच्या वर्गावर, त्यांचा आदर्श पाठ होता. शब्द होता 'लाचार'. मागच्या बाकांवर आम्ही शिकाऊ मास्तरणी. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला पुढं बोलावलं.

"तुमच्यात घरोघर मागायची रीतच होती. तुम्हाला छान जमेल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी तेव्हाच माघारी जाऊन बसायला हवं होतं. नाही बसले. पाठांचे गुण त्यांच्या हातात होते. गुणांवर सर्टिफिकेट, सर्टिफिकेटावर नोकरी. तिकडं आटपाडीच्या बाजूला आमचं घर त्या नोकरीकडं डोळे लावून बसलं होतं.

"मुलांनो, असा माणूस म्हणजे लाचार. आता वाक्य करा."

पुढच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "ह्या बाई लाचार हायत."

"हायत नाही, आहेत. बाकी वाक्य बरोबर. शाबास!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत होत्या आणि मला आई दिसत होती. आम्ही बौद्ध झालो, तेव्हा तिनं गावात भाकरी मागायला जाणं सोडलं. दुष्काळी मुलूख. हाताला काम नाही. उपाशी राहिली, आम्हालाही ठेवलं. पण कुणाच्या उंबऱ्यापुढं पुन्हा हात पसरला नाही. आणि मी? शिकलेली. धुतलेलं पातळ नेसलेली. हुकूम होताच पसरून मोकळी.

मी हात खाली घेतले.

"मी सांगितलं नाही अजून," सर म्हणाले.

"न्हाई पसरणार." घासूनपुसून शिकलेली भाषा कुठल्या कुठं गेली. "वाक्य चुकलंय, सर. मी लाचार न्हाई. पोरांना खोटं शिकवू नका."

ती पोरगी रडायला लागली. तिचा काय दोष होता? सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर तुमचा एकही पाठ पास होणार नाही."

मी वर्गाबाहेर पडले.

शनिवारी घरी गेले. आईला सगळं सांगितलं. सर्टिफिकेटाचं आता काय, हे तिनं विचारलंच नाही. चुलीपुढून वळली आणि एवढंच म्हणाली, "पसरलंस व्हय गं हात?"

"व्हय."

ती परत चुलीकडं वळली. रागावली असती, तर बरं झालं असतं. आज इतक्या वर्षांनीही तो प्रश्न मला कुठंही गाठतो. बाजारात सुटे पैसे घेताना, लग्नात अक्षता घेताना. हात पुढं होतो आणि अंगावर काटा येतो. नकार नंतरचा. आधी मी पसरले होते, हे काही केल्या पुसलं जात नाही.

सोमवारी साताऱ्याला परतले. सर कॉलेजच्या दारातच भेटले.

"काय म्हणायचं ते ठरलं का?"

"ठरलं. नापास करा. पुढल्या वर्षी परत बसंन. त्याच्या पुढल्या वर्षी परत. माफी मागणार न्हाई, आन् कॉलेजबी सोडणार न्हाई."

ते दारातून हलले नाहीत. मी त्यांच्या बाजूनं आत गेले आणि पहिल्या बाकावर बसले.