ज्या पाण्याचे जीव

आमच्या जैन घरात न गाळलेलं पाणी कुणाच्या घशाखाली उतरत नसे. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर स्वच्छ पाणी ओतायचं आणि अडकलेल्या बारीक जिवांसकट ते जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं. याला जिवाणी म्हणतात. लग्न होऊन मी अनसिंगजवळच्या खेड्यात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच सकाळी बजावलं, "ज्या पाण्याचे जीव, त्याच पाण्यात."

बहात्तरच्या पावसानं दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. नदीत एक डोह उरला होता, तोही म्हशींनी गढूळ केलेला. आमच्या शेजारी माझ्याच वयाची एक शेतकरीण राहायची. तिनं डोहापासून थोडं दूर, रेतीत झिरा खणला. रेतीतून पाझरून येणारं पाणी असं नितळ, की तळाचे खडे मोजावेत. ती वाटीवाटीनं घागर भरायची आणि मलाही भरू द्यायची. मी तेही गाळायची, तेव्हा ती हसायची.

"रेती गाळते वो वैनी, तुमचं फडकं कायले?"

खरंच, फडक्यावर काही राहत नसे. धुण्याभांड्यांसाठी आणलेलं डोहाचं पाणी गाळलं की मात्र फडकं वळवळायचं. ती जिवाणी घेऊन मी डोहाकडे जायची. काठाला पोटरीभर चिखल आणि आत म्हशी. एक दिवस वाटेतच थांबले आणि जिवाणी झिऱ्यात ओतली. इथं तरी बिचारे जगतील, असं वाटलं. दया आली की साडी जपली, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. मग रोजच तसं करू लागले.

पुढं शेजारणीच्या तान्ह्या लेकीला हगवण लागली. पोरीचे डोळे खोल गेले. तिला घरी आजीपाशी ठेवून शेजारीण पाण्याला आली आणि झिऱ्यावर वाकून बघतच राहिली.

"रेतीतून किडे कसे आले वो, वैनी?"

माझ्या हातात रिकामी घागर होती.

"माहीच चूक झाली," ती म्हणाली. "डोहाले लागून खंदला म्या. पोरीले मीच असं पाणी पाजलं." असं म्हणून तिनं हातानंच झिरा बुजवला आणि भर उन्हात वर, डोहापासून लांब दुसरा खणायला बसली. मी तिच्यासोबत रेती उपसली. तेवढंच केलं, बोलले काहीच नाही. पहिली घागर तिनं माझीच भरली.

पोर वाचली. दोष पाण्याचा होता की आणखी कशाचा, कोण सांगणार? पण मला माझं माहीत होतं.

भादव्यात पर्युषण संपलं. क्षमावाणीच्या दिवशी मी सासूबाईंबरोबर आमच्या लोकांच्या घरी जाऊन हात जोडले, कळत नकळत दुखावलेल्या सगळ्या जिवांची क्षमा मागितली. परतताना शेजारीण दारात लेकीला भात भरवत बसली होती.

"काय वो वैनी, आज नवी साडी?"

"आमचा सण आहे," म्हणाले आणि घरात शिरले.