सरूबाईंच्या वाटणीची खीर

कामथडीच्या सरूबाईंच्या अंगावरून वारं गेलं, त्याला दीड वर्ष झालं. पाय कसाबसा चालायला लागला, पण उजवा हात लुळाच राहिला आणि जीभ जड झाली. त्याआधी बुद्धपौर्णिमेला तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक ही बाई एकहाती उठवायची.

यंदा थोरल्या सुनेनं, संजीवनीनं, फोनवरच कामं वाटून टाकली. पुऱ्या-भाजी तिच्याकडं, मसालेभात पुण्याची धाकटी जाऊ सारिका आणणार, कोशिंबीर किकवीला दिलेली नणंद सुलक्षणा करणार. सरूबाईंचं नाव कशातच नव्हतं. दोन दिवसांनी थोरल्या लेकाला, अजितला, जवळ बसवून म्हणाल्या, "खीर म्या करनार." तीनदा म्हणाल्या, तेव्हा कुठं त्याला कळलं.

संजीवनीनं आढेवेढे घेतले नाहीत. तांदूळ भिजवून दिले, दुधाचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं, ओट्यापाशी खुर्ची ठेवली. सरूबाई डाव्या हातानं ढवळत राहिल्या. अर्धा तास जमलं. पाहुणे आले तशी संजीवनी बाहेर गेली आणि इकडं हात भरून आला. जरा थांबल्या तेवढ्यात खीर बुडाला लागली. वास आल्याबरोबर त्या गॅस बंद करायला उठल्या, तर खुर्ची मागं सरकली. डाव्या हातानं ओटा धरला म्हणून पडल्या नाहीत. आता तो हात सोडला तर पडणार, न सोडला तर खीर जळणार. त्यांनी संजीवनीला हाक मारली. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. बाहेर बुद्धवंदना चालू होती. कुणाला ऐकू गेलं नाही. डोळ्यांदेखत खीर तपकिरी होत गेली.

ताटं न्यायला आलेल्या सुलक्षणानं गॅस बंद केला, आईला बसवलं. संजीवनीनं वरची खीर दुसऱ्या पातेल्यात ओतली, वेलदोडा जास्तीचा घातला.

पंगतीत सगळ्यांनी वाटी संपवली. सारिकानं मुद्दाम परत मागून घेतली. "आत्या, लई झ्याक झालीया," ती म्हणाली.

सरूबाईंनी एक घास खाल्ला होता. त्यांना पुरतं कळलं होतं. माझी समजूत काढू नका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओठ हलले, पहिलं अक्षरच अडकून बसलं. सारिकाला वाटलं, तहान लागली. तिनं पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला, आणि सरूबाई पाणी प्यायल्या.