सातवी काडी

आमच्या शेतावरच्या शाळेत वर्ग कमी आणि शेळ्या जास्त. गणिताला वाफे मोजायचे, विज्ञानाला कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालायचं, आणि बुधवारी-शनिवारी गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टोपलीमावशीकडे विणायला बसायचं. मी दहावीत. मला सगळे टेप म्हणतात, कारण एकदा ऐकलेला आवाज मी जसाच्या तसा काढते. मोठ्या बाई दर वाक्याला "हो ना?" लावतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. शेळ्यांचे सर बोलण्याआधी इतकं खाकरतात, की शेळ्यासुद्धा वळून बघतात. हे दोघं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

टोपलीमावशी म्हणजे मात्र मेजवानी. पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी. अंगठ्याला कायम चिंधी. टोपलीच्या तळात ती सात काड्या उभ्या करायची, भिजवलेला वेत हातात घ्यायची आणि सुरू व्हायची. "ही सून. निघाली बघा. सासूच्या पुढून, सासऱ्याच्या मागून, दिराच्या पुढून, जावेच्या मागून, नणंदेच्या पुढून, नंदावाच्या मागून." सातवीला नाव नाही, नुसती टिचकी मारून तिच्या पुढून, की पुन्हा सासू, पण या खेपेला मागून. "गोडीनं ओढ गं. दम दिलास तर सून माहेरी जाते." म्हणजे वेत तुटतो. पाच वर्षांची चिल्लीपिल्लीसुद्धा या बडबडीच्या तालावर वीण धरायची.

ती भावाकडे राहते, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. बाविसाव्या वर्षी सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली ती आलीच. शेजारच्या म्हाताऱ्याकडून विणायला शिकली आणि पुढे पंचवीस वर्षं धोब्यांना टोपल्या पुरवल्या. "भावजयीच्या घरात हात रिकामे दिसू नयेत," असं ती हसत सांगायची. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही.

एका बुधवारी सुट्टीत शेडमागे आमचं टोळकं बसलेलं. मैत्रीण म्हणाली, "टेप, मावशी लाव." मी लावली. शिट्टीसकट. सासू झाली, सासरा झाला, पोरं पोट धरून हसायला लागली. हसू ओसरतंय असं वाटलं म्हणून मी पदरचं घातलं. "आणि माहेरी जाऊन बसलेली सून कोण? सांगा सांगा. अहो, मीच की ती."

कोणी हसलं नाही. मी मागे वळले. मावशी पाण्याची घमेली घेऊन उभी होती, वेत भिजत घातलेली. तिनं ती माझ्या पायाशी ठेवली. "भिजलाय. सुकायच्या आत घ्या," म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी ती आली, पण तोंड मिटून. हातानं दाखवायची, चुकलं की उसवायची, पुन्हा दाखवायची. बारक्यांना काही उमजेना. एकीनं विचारलं, "आज सून निघाली नाही का?" मावशीनं तिच्या हातातला वेत सरळ करून दिला, बस्स. माझ्याकडे तिनं रागानंसुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी ऑफिसच्या खिडकीतून कानावर आलं. "पोरांना आता येतंय, बाई. शनिवारी शेवटचं येईन."

"अहो, असं कसं? आम्ही काही चुकलो का, हो ना?"

"तुम्ही नाही."

मोठ्या बाईंचा 'हो ना' इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. एरवी लगेच करून दाखवला असता. आत जाऊन सांगायला हवं होतं. मी खुराड्याकडे निघून गेले.

शनिवारी मी बारक्यांमध्ये जाऊन बसले. मावशी कोपऱ्यात, पाठ करून, काड्या निवडत होती. मी तिच्याच आवाजात सुरू केलं, फक्त शिट्टी काढून टाकली. "ही सून. निघाली बघा. सासूच्या पुढून..." बारक्यांचे हात चालायला लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि वीण बसेना. पुढचा वेत पुढेच, मागचा मागेच.

"सातवी राहिली," कोपऱ्यातून आवाज आला.

खरंच राहिली होती. तिच्यावर कोणी हसायचं नाही, म्हणून माझ्या नकलेत ती कधी नव्हतीच.

"सातवीचं नाव काय?" एका बारक्यानं विचारलं.

"तिला नातं नाही रे. पण ती नसली तर दुसरा फेरा पहिल्याच्याच पावलावर पडतो. टोपली होत नाही." मावशी उठून आली, त्याच्या टोपलीतल्या सातव्या काडीला टिचकी मारून शेजारी बसली.

तास संपल्यावर मी घमेली धुवायला घेतली. "मावशी, माझं चुकलं. फार चुकलं."

"आवाज बरा काढतेस," ती म्हणाली. "ओढतेस फार."

पुढच्या बुधवारी ती आली. मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. बडबडही परत आली, सासूपासून नंदावापर्यंत, शिट्टीसकट. बारक्यांना वाटतं सगळं पहिल्यासारखं झालं. पण माझे कान तिखट, हेच वाईट. आता ती म्हणते, "गोडीनं ओढ गं. दम दिलास तर तुटतो." तेवढंच; माहेरचं नाव निघत नाही.