देवूच्या जीपची फ्यूजपेटी

ताम्हिणीच्या देवूच्या सुनेचे, पल्लवीचे, दिवस भरत आले होते. घाटात जीपचे दिवे गेले तर तिला दवाखान्यात कसं न्यायचं, म्हणून देवूनं अंगणातच फ्यूजपेटी बदलायला घेतली. आधी बॅटरीची मायनस वायर सोडवली. जागा चुकू नयेत म्हणून बायको भिमाबाईनं प्रत्येक वायरीला गोधडीचा वेगळा दोरा बांधला. नवी पेटी बसली, पण दिव्यांचा फ्यूज पुन्हा उडाला.

"फ्यूजच्या जागी तार घाल की," शेजारचा नथू म्हणाला.

"तसंच केलं व्हतं, म्हनून तर जुनी पेटी वितळली."

देवूनं बॅटरी पुन्हा सोडवून एकेक वायर चाचपली. दिव्यामागं एक उंदरानं कुरतडलेली सापडली. ती बदलल्यावर दिवे लागले आणि टिकले.

"सूनबाई, आता कवाबी हाक मार," तो म्हणाला.