फाटकाच्या आत

लढाईच्या दिवसांत मी जबलपुरात टॅक्सी चालवायचो. गाडीत बसलेल्या सवारीला नाही म्हणायची आम्हाला परवानगी नव्हती. तोफांच्या कारखान्यात शिरताना तर लायसन आणि बिल्ला फाटकावरच जमा करावा लागे.

त्या दिवशी माझा धाकटा भाऊ फौजेच्या गाडीने सीमेवर जाणार होता. दोन वाजता ती गाडी आमच्या स्टेशनात थोडा वेळ थांबणार होती, आणि आईला गोहलपुरातल्या घरातून तिथे न्यायचं मी कबूल केलं होतं. पण बाराच्या सुमारास शहरातल्या ओमती भागात एक साहेब माझ्या टॅक्सीत बसले आणि म्हणाले, "कारखाने चलो, दस मिनट का काम है."

फाटकावर लायसन जमा करून मी टॅक्सी आत घेतली. साहेब ऑफिसात गेले आणि भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा सराव होता, सगळी फाटकं बंद झाली. मी पहारेकऱ्याजवळ गेलो.

"भैया, लायसन दे दो. माँ को स्टेशन ले जाना है."

"साहब के दस्तखत बिना नहीं मिलेगा."

"तो छोटे दरवाज़े से पैदल ही जाता हूँ, गाड़ी यहीं रहने दो."

"गाड़ी छोड़ी तो परमिट जाएगा."

तो वाईट माणूस नव्हता, त्याने मला पाणी दिलं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. तीन वाजता साहेब आले.

घरी आई नवं लुगडं नेसून दारातच बसली होती.

"काहून रे? गाडी तर तुझीच होती नं?"

मी तिला सगळे नियम सांगितले. ती ऐकत राहिली, मग लुगडं बदलायला आत गेली. भाऊ पुढच्या वर्षी सुखरूप आला, पण माझ्या टॅक्सीत आई पुन्हा कधी बसली नाही.