नवरदेवाची सुरी

आमच्याकडे अंगाला हळद लागली की नवरदेवाला एकट्याला सोडत नाहीत. टोकाला लिंबू खोचलेली सुरी त्याच्या हातात देतात आणि लग्न लागेपर्यंत ती त्याने खाली ठेवायची नसते. सुरी मामाने द्यायची, अशी आमच्या घरची रीत. एकोणीसशे साठच्या सुमारास माझं लग्न ठरलं, तेव्हा मी घाटंजीत कापूस पिंजून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनात फिटर होतो, एका खोलीत एकटा राहत होतो. एकट्याला सोडत नाहीत म्हणे! इतकी वर्षं सगळ्यांनी मला खुशाल सोडलं होतं.

मामा होता, बोरी अरबला. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि त्या दिवसापासून मामाने आमचा उंबरा ओलांडला नाही. पुढे वडीलही गेले, सावत्र आई माहेरी निघून गेली, पण मामाचा राग जागचा हलला नाही. तरी मी बोलावणं करायला गेलो. ओसरीवर बसून त्याने सुपारी कातरली आणि एक खांड माझ्यापुढे केलं.

"मामा, हळदीले या. सुरी तुमच्याच हातानं पाहिजे."

"पाहू," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

परतताना मी ठरवलं, सुरी आपणच करायची. शेजारी मागितली असती तर मिळाली असती, पण तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. खोलीमागच्या पडवीत लोखंड पकडायचा माझा व्हाइस होता, भाता होता. जिनात झिजून फेकून दिलेल्या दोन कानशी मी उचलून आणल्या आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून नरम केल्या. मग रोज कामावरून आलो की चूल पेटवायच्या आधी त्यांची पाती घासत बसायचो. त्या खरखरीशिवाय माझ्या घरात दुसरा आवाज नव्हता. ती थांबली की मला घर नकोसं व्हायचं, म्हणून पातं हवं त्याहून जास्तच घासलं गेलं.

पहिलं पातं लाल करून मी पाण्याच्या बादलीत बुडवलं. गावातला लोहार विळ्याला असंच पाणी देतो, म्हणून मीही दिलं. टण् आवाज झाला आणि मधोमध चीर गेली. कानशीचं पोलाद कडक, त्याला पाण्याचा गारवा सोसला नाही. मी पडवीत बसून चक्क रडलो. पात्यासाठी नाही रडलो, मामासाठी रडलो.

दुसरं पातं सरकीच्या कोमट तेलात बुडवलं. ते टिकलं. मग मंद आचेवर धरून त्यावर कडब्यासारखा पिवळा रंग चढेपर्यंत तापवलं, म्हणजे धार राहते आणि टवका उडत नाही. धावड्याच्या लाकडाची मूठ तांब्याच्या तारेचे खिळे ठोकून बसवली. सुरी देखणी झाली, हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

हळदीला शेजारच्या बाया आल्या. हसल्या, चिडवलं, कानात हळद भरली. मी दाराकडे पाहत होतो. मामा आला नाही. पाटाजवळ ठेवलेली सुरी शेवटी मीच उचलली. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

लग्न पुसदजवळ, मुलीच्या गावी लागलं. सासऱ्यांनी सुरी निरखून पाहिली.

"झ्याक हाये. कोनं देल्ली?"

"मामानं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

ते बायकोने ऐकलं. घरी आल्यावर तिने हट्टच धरला, मामांच्या पाया पडायला जायचं. मी टाळून पाहिलं, पण ती ऐकेना. बोरी अरबला जाताना सुरी तिने पिशवीत घेतली होती, हे मला ओसरीवर पोचल्यावर कळलं. ती मामाच्या पाया पडली आणि सुरी काढून म्हणाली, "मामाजी, तुमी देल्लेली सुरी पाहून आमचे बाबा लय खुश झाले."

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग सुरी हातात घेतली. अंगठ्याने धार पाहिली, मुठीवरून हात फिरवला. आता हा मला नव्या बायकोपुढे तोंडघशी पाडणार, या धास्तीने मी जमिनीकडे पाहत राहिलो.

"हो," तो तिला म्हणाला, "खास करून घेतलती म्या, भाच्यासाठी." आणि सुरी माझ्या हातात ठेवली. "धार जपजो रे."

माझी मेहनत दुसऱ्या कोणी अशी डोळ्यांदेखत आपल्या नावावर केली असती, तर मी त्याची गचांडी धरली असती. पण मी मान हलवली आणि म्हणालो, "जपतो, मामा." तो खोटं बोलत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण आई गेल्यापासून कोणीतरी माझ्यासाठी खास काही केलं, असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.